माझी नायिका रग्बी खेळलीय, पोलिसात आहे आणि रहस्यकथा लिहिते. पटतं का?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं एक रहस्यकादंबरी लिहितेय. दिवसा बँक, संध्याकाळी सातवीतल्या मुलाचा अभ्यास, म्हणजे माझ्या वाट्याला रात्रीचे दहा ते साडेअकरा. नायिका रेवा. भारताकडून रग्बी खेळलेली, गुडघा गेल्यावर पोलीस उपनिरीक्षक झालेली, आणि नोकरीत असतानाच टोपणनावाने रहस्यकथा लिहायला लागलेली. एक दिवस तिच्याच छापून आलेल्या कथेसारखा खून होतो. इथून पुढे कादंबरी.

एका संपादकांना हस्तलिखित दाखवलं. त्यांनी ऐंशी पानं वाचली (हेही खूप झालं) आणि म्हणाले, "बाई, एका पात्रात तुम्ही तीन बायका कोंबल्यात. त्यातल्या दोन काढा." तेव्हा राग आला. घरी येईपर्यंत वाटायला लागलं की त्यांचंच बरोबर असावं.

मी स्वतः शाळेत लंगडीच्या पलीकडे काही खेळले नाही. पोलीस ठाण्यात आयुष्यात एकदाच गेलेय, पासपोर्टच्या वेळी. म्हणून विचारते. अशा बायका खरंच असतात का? मैदानावरचं काय त्यांच्याबरोबर ठाण्यात येत असेल? सध्या पहिल्या प्रकरणात रेवा तुळशीबागेत पळणाऱ्या साखळीचोरावर झेप घेते आणि त्याला रग्बीच्या टॅकलने पाडते. मला तो प्रसंग फार आवडतो. तो तरी राहू दे ना?

मावळा_७

नाही पटत. तुळशीबागेत शनिवारी संध्याकाळी धड चालता येत नाही, झेप कुठून घेणार?

अभय_ऑकलंड

सायलीताई, पहिल्या दोन बायका तर एकीत नक्की मावतात. मी १४ वर्षं ऑकलंडच्या दक्षिण भागात राहतो. इथे हे कुणाला नवल वाटत नाही.

न्यूझीलंडच्या महिला संघाला ब्लॅक फर्न्स म्हणतात. २०१७ चा विश्वचषक त्यांनी बेलफास्टला जिंकला तेव्हा कर्णधार होती फिआओ फामाउसिली. सामोआत जन्मलेली, लहानपणी इथे आलेली, आणि पेशाने पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह! चार विश्वचषक विजेत्या संघांत होती, ५७ कसोटी सामने खेळली. त्याच संघात मागच्या फळीत सेलिका विनिआता होती, तीही पोलीस. अंतिम सामन्यात मध्यंतराला इंग्लंड १७-१० ने पुढे. शेवट ४१-३२ न्यूझीलंड, त्यात विनिआताचे दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं). म्हणजे जगज्जेत्या संघात एक नाही, दोन पोलीस. कारण साधं होतं, खेळावर पोट भरत नव्हतं. ब्लॅक फर्न्सना रीतसर पगारी करार मिळाले ते २०१८ पासून. तोवर नोकरी सांभाळायची आणि रजा काढून विश्वचषक खेळायचा. इंग्लंडच्या २०१४ च्या विजेत्या संघात प्लंबर होती, जनावरांची डॉक्टर होती. आताशी कुठे चित्र बदललंय. २०२२ च्या अंतिम सामन्याला मी ईडन पार्कात होतो, ४२,५७९ माणसं. शेवटच्या मिनिटाला इंग्लंडचा लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमधे परत आत फेकतात तो) आपल्या रेषेपासून पाच मीटरवर, आणि तो चेंडू आपल्या पोरींनी हवेतच चोरला. ३४-३१. (आपल्या म्हणजे इथल्या. बायको म्हणते मी आता दोन्हीकडून ओरडतो.)

तेव्हा नायिका राहू द्या. तिसरी बाई, लेखिका, तेवढी तुम्ही सिद्ध करा.

वाळव्याची_आक्का

सायली, तुझ्या संपादकांना सांग, तीन बायका एकीत मावतात. मी स्वतः अडीच आहे.

मी वाळवा तालुक्यातली. कबड्डीत उजवा कोपरा खेळायचे. १९९० ला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, गेल्या वर्षी उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले. दिवाळी अंकांत माहेरच्या नावाने नऊ रहस्यकथा आल्या, ती उरलेली अर्धी बाई. रग्बी टीव्हीवरच पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, ही तर आपलीच पकड, चेंडू तेवढा जास्तीचा.

आता तुझा तुळशीबागेचा प्रसंग. रेवाने चोर पाडला. बरं, पुढचे सहा तास कोण लिहिणार? अटकेची कारणं त्याला लेखी द्यायची. नातेवाइकाला कळवायचं. सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, तिथे डॉक्टर विचारणार, हे कोपर कशाने फुटलं? ते तुझ्या त्या सुंदर झेपेने फुटलेलं असणार, आणि ते रेवाला कागदावर पटेल असं मांडावं लागणार. साखळी जप्त करायची तर दोन पंच, म्हणजे साक्षीदार, हवेत. चोर पडल्यावर टाळ्या वाजवणारी दोनशे माणसं असतात, पंच व्हा म्हटलं की रस्ता मोकळा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, झडती-जप्तीचं चित्रीकरणही मोबाइलवर करावं लागतं, आणि ते करताना बॅटरी हमखास संपते. चोवीस तासांच्या आत आरोपी न्यायाधीशांसमोर. यात रेवाचा खांदा निखळला असेल तर ती सह्या कुठल्या हाताने करते ते आधी ठरव. मला विचारशील तर कादंबरी इथून सुरू कर, झेप आधीच होऊन गेलेली असू दे.

पस्तीस वर्षांत मी पळत जाऊन चोर पकडले दोन. त्यातला एक आपणच दमून कट्ट्यावर बसला होता, मला म्हणाला, "ताई, पाणी आहे का?" पहिली सात-आठ वर्षं तर मी चोर पाहिलाच नाही. बारनिशीचं, म्हणजे आवक-जावक कागदांचं टेबल, मग वायरलेस, मग मुद्देमाल खोलीच्या नोंदी. बाई लागायची ती महिला आरोपीची अंगझडती घ्यायला, तिला कोर्टात न्यायला-आणायला आणि गणपतीच्या बंदोबस्ताला. बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभं राहायचं, आणि बाथरूम कुठे हे विचारायचं नाही, कारण नसायचीच. सकाळपासून पाणी मोजून प्यायचं. हे तुझ्या रेवाला माहीत असलं पाहिजे. ज्या पोरी खेळून आल्या होत्या त्या यात टिकल्या. ताकदीमुळे नव्हे गं. चारचौघांत आपटायची आणि कपडे झटकून परत रेषेवर उभं राहायची सवय होती म्हणून. भरतीच्या मैदानात ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा, एवढं पोरी करतातच. पुढे साहेब सगळ्यांदेखत फाइल टेबलावर आपटतात, तेव्हा खेळलेली आणि न खेळलेली ओळखू येते.

आणि एक गोष्ट खेळातूनच आली. कोपऱ्यावरच्या खेळाडूला शिकवतात, चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नको, पायाकडे बघ. तोंड फसवतं. ती सवय माझी अजून गेली नाही. दारात कोण आलं तर आधी मला त्याच्या चपला दिसतात.

आता ऐक, मी लिहायला कशी लागले. १९९९ किंवा २००० साल असेल, गावाचं नाव सांगत नाही. नदीत एका बाईचं प्रेत मिळालं. मयत बाई, म्हणून मला नेलं. मरणोत्तर पंचनामा माझ्याकडून लिहून घेतला, अक्षर बरं होतं म्हणून. पंचनाम्याची एक भाषा असते सायली, ती तू शिकून घे, कुठल्याही मास्तरने मला इतकं लिहायला शिकवलं नाही. डाग दिसला तर "रक्त" लिहायचं नाही. "रक्तासारखे तांबूस डाग" लिहायचं. रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगेल. "बुडून मेली" लिहायचं नाही, मरण्याचं कारण डॉक्टर सांगतील. "घाईत गेली असावी" हे तर नाहीच नाही. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, किती फुटांवर, किती पायऱ्या, बांगड्या काचेच्या किती, कुठल्या हातात. डोळ्याला दिसलं तेवढंच.

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर तिच्या चपला होत्या. जोड एक, शेजारी-शेजारी, टाचा पाण्याकडे, अंगठे गावाकडे. मी तसं लिहिलं. वरिष्ठांनी वाचलं आणि टाचांची ओळ खोडली. म्हणाले, "जोड एक, बास. एवढं कशाला?"

आता तू घरी बघ. चालत आलेला माणूस चपला सोडतो तेव्हा त्यांची तोंडं तो जिकडे चाललाय तिकडे राहतात. पण काही बायकांना सवय असते, उंबऱ्याशी चपला वळवून ठेवायची. परत निघताना नुसता पाय सरकवला की झालं. माझ्या आईला होती. त्या मयत बाईच्या सासूला मी नंतर सहज विचारलं, तर म्हणाली, "व्हय, तिला लई वळण हुतं चपलांचं." परत जायचं असणारी बाई चपला अशा ठेवते. किंवा तिच्या माघारी कुणीतरी ठेवल्या. दोन्हीपैकी काय, मला आजही माहीत नाही. अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाला.

त्या वर्षी मी पहिली कथा लिहिली. त्यात नदी नाही, विहीर आहे, गावही दुसरं आहे, पण टाचांची ओळ आहे. छापून आली तेव्हा मानधन आलं दीडशे रुपये.

रेवाच्या बाबतीत एक चूक तू करशीलच, म्हणून आधीच सांगते. खुनाचा संशय तिच्यावर लगेच घेऊ नकोस. निव्वळ साहित्यिक लिहायला सरकारी नोकराला मोकळीक असते. पण तिची कथा आणि खरा खून जुळला की खातं आधी काय विचारेल? "तपासातली माहिती बाहेर गेलीच कशी?" तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक केस डायरीची तारीख तपासतील. कथा अंकाकडे कधी पाठवली, कुरिअरची पावती कुठेय? खुनाच्या आरोपापेक्षा विभागीय चौकशी जास्त जीव घेते, कारण ती तुझ्याच शेजारच्या टेबलावरचा माणूस करतो आणि मधल्या वेळात तुझा डबाही खातो.

आणि रेवाचं मराठी दोन तऱ्हेचं कर. दिवसा ती लिहिते, "समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारले वरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह एकत्र राहण्यास असून..." शेवटी, "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर व खरा आहे." समोरची बाई बोलली असते, "त्यानं मला चटका दिला ओ बाई," आणि कागदावर जातं, "आरोपी मजकुराने गरम वस्तूने दुखापत केली." त्या दोन वाक्यांच्या मधे जे गळतं ते रात्री तुझी रेवा लिहिते. मी तरी तेच करायचे.

हुकर_पुणे

आक्का, दंडवत.

सायलीताई, मी पुण्यात क्लबकडून खेळते, राज्याकडूनही खेळलेय. तुमची रेवा कुठल्या जागेवर खेळते? ते लिहिलंच नाहीये. आमच्यात ते विचारल्याशिवाय माणूस कळत नाही. मी हुकर आहे, अभयदादांनी सांगितलेली फामाउसिलीही हुकरच. स्क्रममध्ये आठ जणी वाकून समोरच्या आठ जणींना भिडतात, हुकर मधोमध. तिचे दोन्ही हात दोन बाजूच्या प्रॉपच्या, म्हणजे तिला आधार देणाऱ्या खेळाडूंच्या, खांद्यांवर बांधलेले. सामन्याचे पंच म्हणतात क्राउच, बाइंड, सेट (वाका, धरा, भिडा), आणि आपण डोकं पुढे करून घुसतो, हात मोकळे नाहीत, आपण पडलो तर सावरायलाही नाहीत. चेंडू पायाने मागे ओढायचा. आत अंधार असतो, घामाचा आणि व्हिक्सचा वास असतो, आणि समोरची काय पुटपुटते ते फक्त तुम्हालाच ऐकू येतं. रेवाला हुकर करा.

लाइनआउटला चेंडू फेकायचं कामही हुकरचंच. त्यासाठी संघाचे सांकेतिक शब्द असतात, दर सामन्याला बदलतात. आम्ही एका स्पर्धेत सगळे शब्द भाज्यांचे ठेवले होते. "घेवडा" म्हणजे मागे. समोरच्या संघात एक साताऱ्याची निघाली, तिने दुसऱ्या डावात सगळं ओळखलं. रहस्यकथेला हे फुकट घ्या.

भारताचं म्हणाल तर महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा उतरला २०१८ मध्ये, सिंगापूरला. पहिला कसोटी विजय २०१९, मनिलात, सिंगापूरविरुद्ध २१-१९. कर्णधार आमच्या पुण्याची वाहबिज भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. शेवटी पेनल्टी मारून सामना काढला ओडिशाच्या सुमित्रा नायकने. रेवा त्या काळातली असेल तर तिच्या घरी टीव्हीवर तो सामना कुणी पाहिला नसणार, आईला फोनवर सांगावं लागलं असणार, आणि आईने विचारलं असणार, "लागलं का कुठे?"

अजून एक. डोक्याला मार लागला की आमच्यात खेळाडूला बाहेर काढून तपासतात. मला एकदा लागला होता. सामन्याची शेवटची वीस मिनिटं अजून आठवत नाहीत. मी एक ट्राय केला म्हणतात. व्हिडिओ बघितला, मीच आहे. कोणीतरी माझ्यासारखं पळतंय असं वाटतं.

आणि टॅकलबद्दल: उडी मारून टॅकल करत नाहीत हो! खांदा लावायचा, हातांनी मांड्या कवळायच्या, आपलं डोकं त्याच्या बाजूला, आणि पाय चालवत राहायचे. हवेत उडणारी माणसं आमच्याकडे पंच बाहेर काढतात.

मावळा_७

म्हणजे माझंच बरोबर. झेप नाही.

जुनी_पानं

नोकरीत राहून लिहिणाऱ्या पोलिसाचं एक उदाहरण आठवलं. अमेरिकेतले जोसेफ वॉमबॉ, लॉस एंजेलिस पोलिसांत १४ वर्षं होते. १९७१ ला पहिली कादंबरी आली ती नोकरीत असतानाच, आणि एवढी खपली की पुढे बेड्या घातलेले आरोपीच त्यांना सही मागायला लागले. १९७४ ला नोकरी सोडली. इंग्लंडच्या क्लेअर मॅकिंटॉश यांनी १२ वर्षं पोलिसात काढली, आधी नोकरी सोडली आणि मग कादंबरी आली. रेवा टोपणनाव घेते ते बरं करते.

सायली_नाशिक

तीन दिवस इथे आले नाही, कारण पहिलं प्रकरण फाडून टाकलं होतं. आक्का, मी घरातल्या सगळ्यांच्या चपला बघत फिरतेय. सासूबाई वळवून ठेवतात. मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं.

रेवा आता हुकर आहे. नव्या प्रकरणाची सुरुवात टाकते, मार खायला तयार आहे:

"रात्री पावणेबाराला रेवाने उजव्या हाताने पंचनाम्याचं तिसरं पान ओढलं. डावा हात झोळीत होता. शर्टाच्या बाहीवर रक्त सुकलं होतं, तिचं की चोराचं हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. समोरच्या बाकावर चोर झोपला होता, आणि त्याच्या शेजारी भेळवाला पंच, तोही झोपला होता. रेवाने भेळवाल्याच्या चपलांकडे पाहिलं."

वाळव्याची_आक्का

चपला माझ्या घेतल्यास, घे. त्या आता कुणाच्याच नाहीत.

शर्टावर "रक्त" लिहिलंयस. रेवा अशी लिहिणार नाही, रात्री पावणेबारालासुद्धा. "रक्तासारखे डाग" कर, मग त्याच ओळीत डॉक्टरांना आणायची गरज उरत नाही.

आरोपी आणि पंच एका बाकावर झोपवू नकोस, दुसऱ्या दिवशी वकील तेवढ्यावरच पंचाला फोडेल.

आणि पंच दोन लागतात. दुसरा कुठे गेला?